मंडईच्या दिवशी खाल्लेला भात

साताऱ्याच्या स्टेशनात एक गाडी येते, तिच्या पाटीवर शेवटचं नाव गोंदिया असतं. आमच्याकडची माणसं त्या गाडीनं पुण्याला जातात, फार तर शेगावला. अगदी शेवटपर्यंत जाणारा माणूस मी तरुणपणी कधी पाहिला नव्हता. पुढे आमच्या शाळेत गणित शिकवायला रत्ना आली. तिचं माहेर त्या शेवटच्या स्टेशनाच्याही पुढे दोन तासांवर निघालं आणि शेवटपर्यंत जाणारा माणूस मीच झालो.

मी त्याच शाळेत पी.टी. शिकवायचो. आमचं लग्न साताऱ्यात रजिस्टर पद्धतीनं झालं. सह्या केल्या, पेढे वाटले, संपलं. त्यामुळे सोयरीक, बोलणी, मानपान यांतलं मला ओ की ठो कळत नाही. सासुरवाडीला जाणं उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं, तेही रत्नाच्या मागे मागे. ती मला अजून 'सर' म्हणते, आणि ते आदरानं म्हणत नाही हे शाळेच्या शिपायालाही माहीत होतं.

या खेपेला आम्ही गेलो ते दिवाळीनंतर, आणि कारण सुट्टीचं नव्हतं. रत्नाला अंडाशयाचा कर्करोग आहे. कळला तेव्हाच तो पुढे गेलेला होता. ऑपरेशन झालं, औषधाची एक मोठी फेरी झाली, केस गेले, दोन बोटं परत आले, आणि दसऱ्याच्या आधी तपासणीत तोही परत आला. आमच्या डॉक्टरबाई सरळ बोलणाऱ्या आहेत. म्हणाल्या, हा मुळापासून जाणार नाही, पण दुसरी फेरी घेतली तर त्याला धरून ठेवता येईल. किती दिवस ते सांगता येत नाही. रत्ना म्हणाली, विचार करून सांगते. रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, विचार झालाय. पहिल्या फेरीत सोसलं तेवढं पुरे. गावची मंडई बघायची राहिलीय कित्येक वर्षं, ती बघते आणि परत आल्यावर त्यांना नाही म्हणून सांगते.

डॉक्टरबाईंनी प्रवासाला हरकत घेतली नाही. रत्नानं मात्र एक अट घातली. सबंध प्रवासात मी औषधाचा विषय काढायचा नाही. काढला तर ती पुढच्या स्टेशनात मला उतरवून देईल. ती देईल याची मला खात्री होती. मला ती हवी होती, आणखी पुष्कळ दिवस हवी होती. एवढंच सांगायचं होतं आणि नेमकी त्याचीच बंदी होती.

गोंदिया

रेल्वेतल्या दीड दिवसाचं वर्णन करत नाही, ज्यांनी तो प्रवास केला आहे त्यांना माहीत आहे. गोंदियाला उतरलं की पहिल्यांदा भाषा बदलते. हमाल हिंदी, रिक्षावाला हिंदी, पानवाला हिंदी. मी मराठीत विचारलं की उत्तर 'हाँ अंकलजी' असं येतं. रत्नानं स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि रिक्षावाल्याशी असं काही खणखणीत हिंदीत भाडं तोडायला लागली की मी दोन्ही बॅगा धरून बघत राहिलो. साताऱ्यात गेले तीन महिने ती भाजीवाल्याशीही हळू बोलत होती.

तिचा धाकटा भाऊ देवराम गाडी घेऊन येणार होता, त्याला उशीर होता. म्हणून आधी पोहे. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं आणि लिंबाची फोड असते. इथे त्यांच्यावर हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात आणि पोह्यांना पोहायला लावतात. मी रत्नाला तर्री नको असं म्हणणार होतो, तेवढ्यात तिनं माझ्याकडे वर्गातल्या मागच्या बाकावर बघावं तसं बघितलं. अर्धी प्लेट तिनं संपवली. उरलेली अर्धी मी संपवली आणि नाक पुसत बसलो.

तरीही वेळ उरला तेव्हा जवळच नागऱ्याला शंकराचं जुनं देऊळ आहे, तिथे जाऊन आलो. दगड थंडगार होते, गर्दी नव्हती. रत्ना डोळे मिटून बराच वेळ उभी होती. काय मागितलं ते मी विचारलं नाही, कारण तो प्रश्न बंदी घातलेल्या विषयाला फार चिकटून होता.

तळ्याकाठचं गाव

गोरेगाव गेलं, कोहमाऱ्याचा फाटा गेला, मग जंगल लागतं आणि जंगल संपलं की पाणी. आमच्या साताऱ्याकडे पाणी खाली विहिरीत नाहीतर वर धरणात. इथे ते डोळ्यांच्या पातळीवर असतं. गावागणिक तळं. ही तळी रत्नाच्या समाजातल्या जुन्या माणसांनी बांधली, हे ती मला लग्नापासून ऐकवत आली आहे, आणि शिवाजी महाराजांचा विषय निघाला की हमखास ऐकवते. तळ्याच्या पाळीखाली धानाच्या बांध्या, आपल्याकडची भातखाचरं, त्यांतला धान पिकून वाकलेला, काही कापून आडवा पडलेला. सगळ्या हवेला ताज्या भाताचा वास होता.

पहिले दोन दिवस मात्र वाईट गेले. रत्ना आलीय हे कळल्यावर गाव भेटायला येऊ लागलं. आलेली प्रत्येक बाई आधी रत्नाच्या डोक्याकडे बघायची, मग पदर डोळ्यांना लावायची. कोणी तिचे हात हातात घेऊन नुसतं बसायचं. कोणी ती आत गेली की मला हळूच विचारायचं, किती दिवस म्हणून राहिले डॉक्टर, म्हणजे किती दिवस म्हणतायत? एका म्हातारीनं तर तिच्या गालावरून हात फिरवत सगळ्यांदेखत सांगितलं की बरं झालं माय, भेट झाली. त्यावर रत्नानं कप खाली ठेवला.

"काकू, मी मेली नाई अजून. चहा पिऊन राहिली ना तुमच्यासमोर."

म्हातारीला राग आला नाही. उलट तिला आणखी रडू आलं. संध्याकाळी रत्ना तळ्याच्या पाळीवर माझ्याजवळ बसली होती, तेव्हा म्हणाली की आपण येऊन चूक केली. ही माणसं मला भेटायला आली नाहीत, मला शेवटचं बघायला आली आहेत. पाण्यावर बदकं उतरत होती, ती मी तिला मोजून दाखवली. ती गणिताची बाई असल्यामुळे तिनं माझी चूक काढली.

मंडई

मंडई म्हणजे काय, ते साताऱ्याच्या वाचकाला सांगायला हवं, कारण आपल्याकडे मंडई म्हणजे कोबी आणि फ्लॉवर. इकडे दिवाळीनंतर गावोगाव एकेक दिवस जत्रा भरते, तिला मंडई म्हणतात. लेकी माहेरी येतात, पाव्हण्यांनी घरं भरतात. चौकात दुकानं लागतात. उकडून काळे झालेले शिंगाडे, उसाच्या मोळ्या, जिलेबी, बांगड्या. एका बाजूला ढोलकीवर दंडार चाललेली असते, साडी नेसलेले मिशीवाले पुरुष नाचत असतात आणि त्यांच्या सख्ख्या बायका पुढे बसून शेरे मारत असतात. आणखी एक गोष्ट या गर्दीत चालते, ती मला नंतर कळली. सोयरिकी इथेच जमतात. सगळा मुलूख गोळा झालेला असतो, बघून घ्यायला बरं पडतं.

सकाळी रत्ना माझा हात धरून सगळीकडे फिरली. दुपारी थकली आणि घरी जाऊन पडली. मला म्हणाली, सर, जरा दोन तास मला एकटीला सोडा, फिरून या. मी शिंगाडे खात फिरत होतो. तेवढ्यात खांद्यावर दुपट्टा घेतलेला एक गोरटेला गृहस्थ समोर आला, जवाई ना तुमी देवरामच्या इथले, असं विचारून त्यानं माझा हातच धरला. नाव भैयालाल. घर जवळच होतं. मंडईला आल्यावर कोणाच्या घरी नाही म्हणायचं नसतं, एवढं रत्नानं मला शिकवलं होतं.

त्यांनी चहा दिला. पण आतून तळ्यातल्या मासळीच्या रश्श्याचा असा वास येत होता की माझं लक्ष चहात नव्हतं. ते भैयालालच्या बायकोनं बघितलं असावं. तिनं दारातून अडखळत विचारलं, "जेवून राहिले का तुमी?" मला वाटलं, बिचारी संकोचतेय. मी म्हटलं, वाढा की, त्यात काय. तिनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं. आणि घरात एकदम धावपळ सुरू झाली. नव्या तांदळाचा भात, मासळी, लाखोळीच्या डाळीचे वडे. शेजारच्या बायका दारातून डोकावून जाऊ लागल्या. मी मनात म्हटलं, काय अगत्य आहे. मासळीला काटे होते पण चव अशी होती की मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. हात धुतल्यावर त्यांनी मला कुंकू लावलं, खांद्यावर नवा दुपट्टा घातला. कुठूनसा एक उंच मुलगा आला आणि त्यानं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी म्हणालो, मोठा हो. तो आधीच माझ्यापेक्षा वीतभर मोठा होता.

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. देवराम ओट्यावर डोकं धरून बसला होता. माझ्या कपाळाकडे आणि दुपट्ट्याकडे बघून म्हणाला, "भाऊजी, काऊन जेवले हो तुमी?"

मग हळूहळू उलगडा झाला. भैयालालनं आपल्या मुलासाठी देवरामच्या पोरीला, चेतनाला मागणी घातली होती. देवरामनं दोन महिने हो नाही, नाही नाही, असं झुलवत ठेवलं होतं, कारण चेतना काही बोलत नव्हती. आणि त्यांच्यात रीत अशी की मुलीकडचा मोठा माणूस मुलाच्या घरी पाणी घेईल, चहा घेईल, पण सोयरीक पक्की झाल्याशिवाय तिथे भात खाणार नाही. भात खाल्ला म्हणजे होकार. मी चेतनाचा सख्खा फुफा, म्हणजे आत्याचा नवरा. माझ्यापेक्षा मोठा होकार कोणाचा असणार?

रत्ना आतून उठून आली. तिनं चौकशी सुरू केली.

"सर, भात खाल्ला?"

"खाल्ला."

"किती?"

"दोनदा घेतला."

ती हसायला लागली. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, मग भिंतीला टेकून. खाली बसली आणि पोट धरून वाकली तेव्हा मी घाबरून धावलो, कुठे दुखतंय विचारलं. तिला बोलता येत नव्हतं. हसून दुखतंय, असं तिनं हातानंच सांगितलं. तिला असं हसताना मी केव्हा पाहिलं होतं ते आठवेना. मला फार आनंद झाला, आणि त्या घरात त्या वेळी तो दाखवणं बरं नव्हतं म्हणून मी तोंड पाडून उभा राहिलो.

प्रतापगड

त्या दिवसापासून घर बदललं. दोन दिवस डोळे पुसणारी माणसं आता भांडायला येऊ लागली. चुलत घराण्याचं म्हणणं, आमाले न इचारता कशी काय सोयरीक केली? दुसरे म्हणत, मुलगा चांगला आहे, कायले ताणता? सगळे येऊन रत्नाच्याच खाटेशी बसत, कारण घोटाळा तिच्या नवऱ्यानं केला होता. रडणारी ती म्हातारी भैयालालच्या आजोबांनी कधीतरी तळ्याच्या पाण्यावरून केलेलं भांडण उकरून काढून रत्नाशी तावातावानं वाद घालत होती. रत्नाच्या डोक्याकडे आता कोणी बघत नव्हतं.

रत्नानं सगळ्यांना सांगितलं की आधी पोरीला विचारा. चेतना सरकारी गुरांच्या दवाखान्यात काम करते, बैलांना इंजेक्शनं देते आणि बैलांशी बोलावं तशीच माणसांशी बोलते. ती म्हणाली, फुफाजींनी खाल्लं म्हणून मी थोडीच पचवणार आहे? मले बोलू द्या त्याच्यासंग. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं प्रतापगडला गेलो. गाडी मुलाचीच, निखिलची. त्याचं कोहमाऱ्याला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गाडी तो इतकी जपून चालवत होता की रत्ना म्हणाली, बाबा, बैलगाडी पुढं निघून चालली.

प्रतापगड म्हटल्यावर सातारच्या माणसाचा ऊर भरून येतो. मी निखिलला अफझलखान ऐकवायला सुरुवात केली, तर तो नम्रपणे म्हणाला, तो तुमचा, हा आमचा. हा डोंगर वेगळाच. वर किल्ल्याचे अवशेष, महादेव आणि दर्गा. नारळ घेतलेली माणसं आणि चादर घेतलेली माणसं एकाच वाटेनं चढत असतात आणि एकाच टपरीवर चहा पितात. रत्नाला चढायचं होतं. थोडं चढली आणि दगडावर बसली. रुसली नाही. मला म्हणाली, तुम्ही जा त्यांच्यामागे, पण फार जवळ जाऊ नका. त्यामुळे मी आयुष्यात पहिल्यांदा एक किल्ला पुढच्या दोन पाठींकडे बघत चढलो. पुढे चेतना बोलत होती आणि निखिल ऐकत होता. वरून तळी दिसतात, दूरवर, एकामागून एक. उतरताना माझा पाय घसरला आणि मी बसूनच बरंचसं अंतर आलो. दोघांनी मला उचललं तेव्हा ते पहिल्यांदा एकत्र हसले.

खाली रत्नानं टपरीवाल्याकडून आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडून भैयालालच्या घराची पार तीन पिढ्यांची माहिती काढून ठेवली होती. चेतना तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "आत्या, मानूस बरा आहे. आयकून घेते तो." एवढाच होकार. निखिल चहाचे कप धुऊन परत देत होता, त्याची गरज नव्हती.

तारीख

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी भैयालाल चार माणसं घेऊन आला. सुपारी फुटली, गूळ वाटला. आता लग्न केव्हा, यावर बोलणं आलं. इकडे लग्नं उन्हाळ्यात होतात, धान विकून हात मोकळे झाल्यावर. पण देवराम खाली बघत म्हणाला की आमचं म्हणणं, याच महिन्यात उरकून टाकावं. भैयालालनं लगेच मान हलवली. कोणी का म्हणून विचारलं नाही. मला वाटलं, बरंय, घाई असेल. मग माझ्या लक्षात आलं की सगळे एकाच माणसाकडे न बघण्याचा प्रयत्न करतायत.

रत्नाच्या ते माझ्याआधी लक्षात आलं होतं.

"देवराम, माझ्यासाठी घाई करून राहिला का तू?"

देवराम फुटलेल्या सुपारीचे तुकडे गोळा करू लागला.

"धान बांधीत उभा आहे. घराला रंग नाही. एकुलती एक पोर, अन् चोरावानी लग्न लावता? काही नाई. वैशाखात होईल. सगळ्यांचं होते तसं. पहिलं हळदीचं बोट आत्याचं असते या घरात, ते मी लावीन. मी येईन म्हनलं ना."

ती बोलून गेली आणि मग आपण काय बोललो ते तिलाच ऐकू आलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघायला लागलो, अट मोडायची नव्हती. भैयालालनं घसा साफ करून पंचांग मागवलं.

कोहमारा

परतीच्या वाटेवर कोहमाऱ्याला थांबलो. हायवेचा फाटा, ट्रकांची रांग, एकाला एक लागून ढाबे. निखिल दुकानातून आम्हाला भेटायला आला होता, त्याला रत्नानं खाटेवर बसवून दाल-रोटी मागवून दिली. माझ्याकडे हात पुढे करून फोन मागितला. नंबर तिनंच शोधला. मी उठून जायला लागलो तर म्हणाली, बसा.

डॉक्टरबाईंना तिनं आधी साध्या, नीट, शाळेतल्या मराठीत सांगितलं की वैशाखात भाचीचं लग्न आहे. औषधं या आठवड्यात सुरू केली तर कधी संपतील, आणि मांडवात दोन दिवस उभं राहण्याइतकी ताकद यायला मध्ये किती जागा ठेवावी लागेल. त्या बराच वेळ बोलल्या. मला पलीकडचं सगळं ऐकू येत नव्हतं. मग रत्नाची मराठी एकदम बदलली.

"हमी कोन मागून राहिलं बाप्पा तुमाले? तारखा मागून राहिली मी."

पलीकडून हसल्याचा आवाज आला. ढाब्यावर ट्रकवाले जेवत होते, तंदूरचा धूर आमच्या तोंडावर येत होता, आणि मी निखिलसमोर रडलो. तो बिचारा गोंधळून मला पाणी देत राहिला. रत्ना फोन ठेवून निखिलला म्हणाली, रडू दे सरांना, आठवडाभर साठवलंय.

त्यानंतर औषधाच्या दोन खेपा झाल्या आहेत. सोपं नाही. तोंडात फोड येतात, पाय मुंग्यांनी भरतात, चार दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडते आणि मला खोलीतून हाकलते. पाचव्या दिवशी उठून चेतनाला फोन लावते आणि शालूच्या रंगावरून भांडते. केस पुन्हा गेले. लग्नात डोक्यावर पदर असतो, ती म्हणते, कोण बघतंय. पुढे काय होईल ते डॉक्टरबाईंनाही माहीत नाही, मला तर नाहीच. मी शिट्टी वाजवून पोरांना पळवणारा माणूस, मला एका वेळी एकच फेरी कळते.

रेल्वेची वैशाखातली तिकिटं अजून मिळायला लागलेली नाहीत, ती दोन महिने आधी मिळतात. रत्नाला ते माहीत आहे. तरी रोज सकाळी चहाच्या वेळी ती विचारते, सर, सुरू झालं का बुकिंग? मी म्हणतो, अजून नाही. ती म्हणते, लक्ष ठेवा, उन्हाळ्यात त्या गाडीला फार गर्दी असते.